रुख्माबाईच्या नावाचं रक्त

वर्धा,
२१ ऑक्टोबर २०२४

आत्या,

रुख्माकाकूंच्या आदेशने गाडीतून आणून दिलेली वांगी पोचली. आम्ही खोलीतल्या तिघींनी ती पुरवून पुरवून खाल्ली. सांभाराच्या जुडीत, कोथिंबिरीच्या पानांत खोचलेली तुझी चिठ्ठीही सापडली, थोडी ओली झाली होती. फोन लावला की अख्खं घर भोवती गोळा होतं आणि मग बोलता येत नाही, हे तुझं म्हणणं पटलं. भाजीची गाडी अल्लीपूरहून रोज इथल्या बाजारात येतेच, तर आपलं टपाल तिच्यातूनच चालू दे.

तू विचारलंस, मी इथं नेमकं करते काय. पोटाचा कॅन्सर होण्याआधी रक्तात त्याच्या काही खुणा दिसतात का, हे आम्ही बघतो. पोटाच्या अस्तरात पेप्सिनोजेन नावाचं एक प्रथिन तयार होतं आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. अस्तर झिजत गेलं की ते रक्तातून कमी होतं. दुसरं एक प्रथिन असं आहे की ते उलट वाढतं. माणसाला काही दुखत नसतं, भूक छान असते, आणि रक्तात मात्र खूण उमटलेली असते. म्हणजे रोग झालाच असं नाही. या पोटात दुर्बीण घालून बघायला हवं, एवढंच त्यातून कळतं.

आमच्या फ्रीजरमध्ये आठ वर्षांपूर्वीच्या नळ्या आहेत. त्या माणसांचं पुढं काय झालं ते फोन करून विचारायचं काम माझ्याकडे आहे. फोनच्या आधी आकडे बघायचे नाहीत असा नियम आहे, आणि मी तो काही वेळा मोडला. मग फोनची रिंग वाजत असतानाच मला कळायचं की पलीकडून कोणीतरी "ते तर वारले" म्हणणार आहे. तसंच व्हायचं. एकदाच चुकलं. कारंज्याकडच्या एका बाई म्हणाल्या, "ते वावरात गेले." मला इतकं हलकं वाटलं की सरांना जाऊन सांगितलं, या माणसाच्या बाबतीत आपले आकडे हुकले. गेल्या आठवड्यात त्या गावच्या आशाताई भेटल्या. तो माणूस जाऊन पाच वर्षं झालीत. बाई सगळ्यांना हेच सांगतात आणि दुपारी बांधावर त्याची भाकर नेऊन ठेवतात.

अल्लीपूरच्या शिबिराला मी येणार होते, पण मशीन बिघडलं आणि मला इथंच थांबावं लागलं. घरटी पंचेचाळिशीच्या पुढचं एक माणूस घेतलं होतं. तुमच्या घरातून रुख्माकाकूंचं नाव होतं. पोरांनी नीट वागणूक दिली ना?

तुझी उज्वला


अल्लीपूर,
२५ ऑक्टोबर

पोरी उज्वला,

तुझं पत्र कोबीच्या रिकाम्या पोत्यात आलं, म्हणून त्याला वास कोबीचा होता. तू मेलेल्या लोकांच्या घरी फोन लावतेस हे तुझ्या बापाला सांगू नको. त्याला वाटतं तू तिथं पांढरा कोट घालून पंख्याखाली बसतेस.

शिबिर झकास झालं. शाळेच्या वऱ्हांड्यात तुमची पोरं टेबल मांडून बसली होती. सुई टोचायच्या आधी स्वतःच घाबरत होती. बिस्किटाचे पुडे दिले, साखर आणि हिमोग्लोबिन फुकट तपासलं, त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. आमच्या शेजारच्या तानाबाईने मात्र गावभर करून ठेवलं की रक्त थंड्या पेटीत नेऊन ठेवलं म्हणजे माणूस इकडे आतून थंड होत जातो. मी म्हटलं, मग उन्हाळ्यात बरंच आहे.

नेमके घट बसले होते. आमच्या घरचा नेम तुला ठाऊक आहे. घट बसवणाऱ्या बाईच्या अंगाला त्या दिवसांत सुई लागू द्यायची नाही, कातर नाही, नखसुद्धा काढायचं नाही. आणि घट बसवते ती माझी मोठी जाऊ, तुझी रुख्माकाकू. तरी रुख्माबाईचं नाव पुकारलं आणि काम झालं. कसं झालं ते भेटलीस की सांगीन, हसशील.

माझ्या जागृतीची परीक्षा जवळ आली आहे. घरात मी एकटी मोठ्याने बोलणारी, तिने मलाही गप्प केलं आहे.

तुझी शालूआत्या


वर्धा,
१८ नोव्हेंबर

आत्या,

हे पत्र एकटी असताना वाच आणि मग रुख्माकाकूंना सांग, हळू सांग.

अल्लीपूरच्या नळ्या आम्ही तपासल्या. काकूंच्या नळीत पेप्सिनोजेन फारच कमी आहे आणि दुसरं प्रथिन चढलेलं आहे. दोन्ही एकत्र असं क्वचित दिसतं. मी पुन्हा तपासलं, तेच आलं. सरांना विचारूनच लिहिते आहे. काकूंना घाबरवायचं नाही, पण टाळायचंही नाही. दुर्बिणीची तपासणी दहा मिनिटांत होते. काही असेलच तर ते आज सुपारीएवढंही नसेल, आणि आज काढता येईल. वर्ष-दोन वर्षांनी दुखायला लागेल तेव्हा आलात, तर मग आमच्या हातात फार काही उरत नाही.

देवीचा नेम मोडून काकूंनी रक्त दिलं, याचं मला फार वाटलं. त्यांना सांग, त्या नेम मोडल्यानेच वाचणार आहेत.

उज्वला


अल्लीपूर,
२२ नोव्हेंबर

उज्वला,

पत्र वाचलं. मिरचीच्या वाफ्यात आम्ही दोघीच होतो, तिथंच रुख्माबाईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती रडेल, निदान खाली बसेल. तिने हातातल्या मिरच्या पदराच्या ओट्यात टाकल्या आणि विचारलं, "नाव माझंच लिवलं हाय ना?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाली, आणि पुढच्या ओळीत तोडायला लागली.

सोमवारी तिला आदेश घेऊन येईल. मी येणार नाही. घरी माणूस लागतं.

तू लिहिलंस, दुखत नसतं आणि भूक छान असते. हे खरंच असं असतं का? की पुस्तकात लिहिलेलं असतं?

शालूआत्या


वर्धा,
९ डिसेंबर

आत्या,

चांगली बातमी आहे. रुख्माकाकूंचं पोट स्वच्छ आहे. डॉक्टरांनी कानाकोपरा बघितला, तुकडे काढून तपासले, कुठंही काही नाही. ताजं रक्त घेतलं, तेही अगदी ठाकठीक. मग शिबिराच्या नळीत जे दिसलं ते काय होतं? आमच्याकडे लेबल चुकलं का ते सगळं उलटून बघते आहे.

पण मला तुला वेगळंच विचारायचं आहे. काकूंना काय झालंय? पोळ्याला बघितल्या होत्या त्या या नाहीतच. गळ्याची हाडं वर आलीत. वजन खूप उतरलं आहे. डॉक्टरांनी "काही नाही, घरी जा, जेवा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. एखाद्या लहान मुलाची समजूत काढावी तसं त्या डॉक्टरांनाच म्हणाल्या, "हाय ते. तुमाले दिसून नाई राह्यलं." आणि पदरावरून पोटावर बोट ठेवून जागा दाखवली. आत्या, ती जागा पोटाच्या खालच्या टोकाची होती. हा रोग बरेचदा तिथंच सुरू होतो. त्यांना हे कोणी सांगितलं?

तू पण एकदा रक्त देऊन जा. एका घरात एक पाणी, एक चूल असते.

उज्वला


अल्लीपूर,
२० डिसेंबर

उज्वला,

तिला कोणीच काही सांगितलं नाही. तेच तर मला कळत नाही.

रोज दिवे लागायच्या वेळी ती ओसरीवर भिंतीला टेकून बसते, पोटावर हात ठेवून. आणि मला सांगते, "शालू, आज इथवर आलं." गाडी कुठवर आली ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात. काल बोट बेंबीच्या वर होतं, आज चार बोटं आणखी वर. भासरे, म्हणजे तिचे मालक, रूपरावभाऊ, बिचारे तिला हिंगणघाटला नेऊन सलाइन लावून आणतात. तीन घास खाते आणि ताट सरकवते. उरलेलं माझ्या ताटात वाढते. "तू खा वं, तुले भूक हाय," म्हणते. आणि मला असते भूक. मी दोन भाकरी खाऊन उठते आणि वाटतं, अजून अर्धी चालली असती. माझ्या बांगड्या दाटून बसल्यात, परवा साबण लावून काढल्या. बायका म्हणतात, शालूबाईला ही थंडी मानवली.

तानाबाई येऊन सांगून गेली की तिच्या माहेरी असंच झालं होतं, एकीचं दुसरीला लागलं होतं. मी तिला हाकलून दिलं. पण रुख्माबाई तिच्याकडे बघून हसली. ते हसू मला आवडलं नाही.

रक्ताचं म्हणशील तर मी येईन, आत्ता वांग्याची तोडणी आहे.

एक मागते. ती नळी फेकून दे. तुमच्या नियमात फेकता येत नसेल तर तिच्यावरचं नाव तरी पुसून टाक. नाव पुसलं तर ती सुटेल असं मला वाटतं. हसू नको. मला आता तुझं हसणंही सहन होणार नाही.

शालूआत्या


वर्धा,
२ जानेवारी २०२५

आत्या,

मी हसले नाही. "नाव पुसून टाक" हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष लागेना. नाव कशाला पुसायला सांगतेस तू?

ती नळी मी बाहेर काढली. नुसत्या सीरमवरूनही, म्हणजे रक्ताच्या वर उरणाऱ्या नितळ पाण्यावरूनही, रक्तगट ओळखता येतो. आम्ही तो सहसा बघत नाही, कारण इथं त्याचं काही काम नसतं. रुख्माकाकूंचा गट ओ आहे, दुर्बिणीच्या वेळीच इथं तपासला. नळीतला गट बी निघाला.

म्हणजे ते रक्त काकूंचं नाहीच. लेबल इथं चुकलेलं नाही, सुईच दुसऱ्या दंडाला टोचली गेली. आता मला समजतंय की घट बसवणाऱ्या बाईने त्या दिवसांत सुई लावून घेतलीच नसेल. तिच्या नावावर दुसरं कोणीतरी उभं राहिलं. आणि तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, कसं झालं ते भेटलीस की सांगीन.

बाबांच्या अपघातात तू रक्त दिलंस, तेव्हापासून तुझा गट मला पाठ आहे. बी गटाची माणसं जिल्ह्यात हजारो आहेत, म्हणून मी ठरवून टाकत नाही, विचारते आहे. त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात कोण बसलं होतं?

जी कोणी असेल तिला आज काही दुखत नसणार. ती पोटभर जेवत असेल. तिला वाटत असेल, मला कुठं काय झालंय. मी त्या नळ्यांच्या घरी फोन लावते, आत्या, मला माहीत आहे पुढं काय होतं. मला तुझ्या घरी तसा फोन लावायचा नाही. लगेच उत्तर दे.

उज्वला


वर्धा,
१२ जानेवारी

आत्या,

दहा दिवस झाले. आदेश रोज रिकाम्या हाताने येतो आणि म्हणतो, काकीने काही दिलं नाही. फोन जागृती उचलते आणि तू वावरात गेलीस म्हणून सांगते.

हे वाक्य मी याआधी ऐकलेलं आहे. कृपा करून लिही.

उज्वला


अल्लीपूर,
१९ जानेवारी

उज्वला,

मीच बसले होते. तिचं हिरवं लुगडं नेसून गेले, डोक्यावरून पदर घेतला, पोराने नाव विचारलं, मी रुख्माबाई सांगितलं. आम्हाला दोघींना ती गंमत वाटली होती. परतताना बिस्किटाचा अर्धा पुडा मी खाल्ला, तिच्या वाट्याचा अर्धा घरी आणला.

तुझं पत्र मिरचीच्या वाफ्यात वाचलं, तेव्हा वाचता वाचताच मला कळलं की हे माझं आहे. मी म्हटलं, बाई, हे तर माझं रक्त. तिने माझं तोंड हाताने दाबलं. म्हणाली, "नाव माझं सांगतलं तू. नावाले लागलं ते. माझा आदेश मार्गाले लागला, तुई जागृती अजून शिकून राह्यली, तिले बाप नाई. राहू दे माझ्याकडं." आणि माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कोनाजवळ बोलली तर मी मेली समज."

मी काय करायला हवं होतं ते तुला न सांगता कळतं. पण तुला खरं लिहिते. मला बरं वाटलं. तिने ते घेतलं असं मला खरंच वाटलं, आणि मला ते हवं होतं. तुझ्या डॉक्टरांना तिच्या पोटात काही सापडलं नाही, तेव्हाही मला वाटलं की अजून पोचलं नसेल. ती वाळत गेली आणि मी तिच्या ताटातलं खात गेले. दर घासाला वाटायचं, माझं जातंय, माझं जातंय. मला इतकी चव कधी लागली नव्हती.

संक्रांतीला तिला तिळगूळ देता आला नाही, तिचे हात वर उठेनात. जागृतीने तिच्या तोंडात कण टाकला, तो तिने तसाच ठेवला. तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले, रूपरावभाऊ, आदेश, जागृती, सगळे होते. रुख्माबाईने डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. खातही नाही, सलाइनवर आहे. संध्याकाळी ओसरीवर बसते, बोट आता गळ्यापाशी असतं.

मला दुखत नाही, अजूनही नाही. उद्या आदेशबरोबर मी गाडीत बसून येते आहे.

शालूआत्या


वर्धा,
२९ जानेवारी

आत्या,

तू गेल्यावर रिपोर्ट आला. तोंडी सांगितलं तेच आहे. पोटाच्या खालच्या टोकाला छोटा डाग, कॅन्सर आहे, पण अगदी वरच्या थरात. सर म्हणाले, इतक्या लवकर हातात आलेला त्यांनी फार कमी वेळा पाहिला. नागपूरच्या सर्जनशी बोलणं झालं आहे, पोटाचा थोडा भाग काढतील आणि तू जगशील. हे मी धीर द्यायला लिहीत नाही.

मी तुझ्यावर रागावले होते, आता नाही. रुख्माकाकूंना मात्र औषध काय द्यायचं ते इथं कोणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. मनाचं असलं तरी वजनकाट्यावर त्या खऱ्याच कमी भरतात. त्यांना तुझ्याबरोबर नागपूरला ने. तुझ्यावर उपचार होताना त्यांनी बघितलं पाहिजे, असं मला वाटतं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारपर्यंत मी पोचते.

उज्वला


नागपूर,
११ फेब्रुवारी

उज्वला,

आज नेणार आहेत, तू पोचशील तेव्हा मी आत असेन. म्हणून लिहून जागृतीजवळ ठेवते.

रुख्माबाईला आदेशने जवळजवळ उचलूनच आणलं. तिला माझ्या खाटेशेजारी बाकावर बसवलं. मांडीवर डबा, जागृतीने सगळ्यांसाठी केलेला गोळाभात. माझ्याकडे बघत नव्हती. सकाळी नर्स आली, हाताला बांधायची पट्टी घेऊन. तिने कागद बघितला आणि नेहमीसारखं विचारलं, "नाव सांगा."

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला, "रुख्माबाई."

इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो खणखणीत होता. आदेश तिच्याकडे बघतच राहिला. नर्सने कागद पुन्हा बघितला, मग मला बघितलं, मग तिला. म्हणाली, "पेशंट कोण आहे तुमच्यातली?" रुख्माबाई उठून उभी राहिली होती. जिला धरून बसवावं लागत होतं ती आपली आपण उभी होती, आणि दंड पुढं केला होता. तिचे डोळे माझ्याकडे होते. ते म्हणत होते, अजून वेळ आहे, शालू.

तुला सांगते, मी लगेच बोलले नाही. माझ्या पोटात काही दुखत नव्हतं, एवढे दिवस कधीच दुखलं नव्हतं, आणि ती समोर उभी राहून मागत होती. मला जगायचं आहे, उज्वला, मला फार जगायचं आहे. नर्स थांबली होती. जागृती माझ्या खांद्याला धरून उभी होती, तिची बोटं रुतत होती.

मग मी सांगितलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. वॉर्डात सगळ्यांनी माना वळवून बघितलं इतक्या मोठ्याने सांगितलं. नर्सने माझ्या मनगटाला पट्टी बांधली.

रुख्माबाई खाली बसली. मग कोणी न सांगता तिने डबा उघडला. पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मग ती जेवायलाच लागली, माणसं कापणीहून आल्यावर जेवतात तशी, मान खाली घालून. आदेश रडायला लागला. "पानी दे," ती त्याला म्हणाली. तिच्या गालावर रंग चढताना मी बघितला.

मला आज काही खायचं नाही. मी नुसती तिच्याकडे बघत होते, आणि बघता बघता माझ्या पोटात, खालच्या टोकाला, पहिल्यांदा दुखायला लागलं.

शालूआत्या